वजन उतरवताना वजनं उचलायची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या एका लहान व्यायामशाळेत मी सकाळी नवख्यांची बॅच घेते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वजन कमी करायचं असतं, आणि रॅकवर ओळीने मांडलेल्या डंबेल्सची त्यांना भीती वाटत असते. पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतलेत. उत्तरं एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसाला धरून आहेत. काही आजार असेल किंवा रोजचं औषध चालू असेल, तर तिसरा प्रश्न आधी वाचा.

मला फक्त बारीक व्हायचंय. चालणं पुरत नाही का? वजनं कशाला?

वजन मुख्यतः खाण्यामुळे उतरतं, हे आधीच सांगते. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली की शरीर उरलेली गरज साठ्यातून भागवतं. पण हा साठा फक्त चरबीचा नसतो, त्यात स्नायूही मोडले जातात. नुसतं खाणं कमी करून दहा किलो उतरवले तर त्यातले साधारण दोन-अडीच किलो चरबीचे नसतात, आणि त्यात स्नायूंचा वाटा असतो. वजन उतरूनही चेहरा ओढलेला दिसतो, जिना चढताना मांड्या थरथरतात, त्याचं एक कारण हे आहे. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ओझं पडत राहिलं आणि जेवणात पुरेशी प्रथिनं असली, तर शरीर स्नायूंना हात लावायला कचरतं आणि उतरणारं वजन बरंचसं चरबीचं असतं. मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच समजावते, कारण हे पटलं नाही तर पुढचं सगळं उगाच केलेले कष्ट वाटतात.

आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर आणि डोळ्यांना बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. मुळात कमी असलेले स्नायू वजन उतरवताना आणखी घालवणं आपल्याला परवडणारं नाही.

चालणं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आहे, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम आहे. एक केला म्हणून दुसरा सुटत नाही.

आधी दहा किलो उतरवते, मग जिमला येते. चालेल ना?

नको, उलट करा. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि त्यामागचा संकोच मला समजतो. पण ज्या महिन्यांत वजन उतरतं त्याच महिन्यांत स्नायू जपायचे असतात. शिवाय जाड माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्या दिवसभर ते सगळं वजन वाहत असतात, त्यामुळे पायांच्या व्यायामात असे नवखे अनेकदा बारीक माणसांपेक्षा ताकदवान निघतात. लोक बघतील याची भीती असेल तर सकाळी दहानंतर किंवा दुपारी या. तेव्हा व्यायामशाळा जवळपास रिकामी असते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये?

चालताना छातीत दुखत असेल, हृदयविकार असेल, बीपी औषध घेऊनही आटोक्यात नसेल, हर्निया असेल, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालं असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टर. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जोर लावून काहीही उचलू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात किंवा नंतर काही तासांनी एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवावी, खाणं कमी करणार असल्याचं डॉक्टरांना सांगावं आणि रिकाम्या पोटी येऊ नये.

सगळ्यांसाठी एक सवय: ओझं उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात चढतो.

वजनं उचलून बायकांचं शरीर पुरुषी होतं का?

नाही. पुरुषांचे स्नायू मोठे होतात त्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा हात असतो आणि बायकांच्या रक्तात ते त्यांच्या कैक पटींनी कमी असतं. त्यात तुम्ही खाणं कमी केलेलं असताना स्नायू फुगवणं आणखी अवघड. काही महिन्यांनी दंड भरीव होतील आणि ब्लाउजची बाही सैल होईल, एवढंच.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

मशीनं मोजत बसू नका. माणसाचं शरीर ओझ्याशी जे करतं ते पाच हालचालींत येतं: बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि धरून चालणं. प्रत्येकीचा एक-एक व्यायाम, दोन-दोन सेट (म्हणजे फेऱ्या), प्रत्येक सेटमध्ये दहा-दहा वेळा. आधी पाच मिनिटं हातपाय मोकळे करायचे. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं.

बसून उठणं म्हणजे स्क्वॉट. आपल्या घरांत उकिडवं बसणं होतं तोवर हा व्यायाम शिकवावा लागत नव्हता. आता खुर्ची, सोफा आणि कमोडमुळे ती हालचालच गेली. म्हणून मी स्टुलापासून सुरू करते. पाय खांद्याएवढे फाकवा, पावलं किंचित बाहेर वळवा, बूड मागे नेत स्टुलाला हलकं टेकवा आणि हातांचा आधार न घेता उठा. टाच जमिनीवरून सुटता कामा नये. हे दहा वेळा सहज झालं की पाच किलोचं डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभं धरून तेच करायचं.

वाकून उचलणं ही पाचांतली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात चुकीची केली जाणारी हालचाल. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास तीस किलोचा असतो. आत गॅसच १४.२ किलो, बाकी पत्रा. तो आपण पाठ गोल करून ओढतो आणि मग कमर धरते. शिकायची पद्धत अशी: भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे जरासे सैल सोडा, पाठ सरळ ठेवा आणि बूड मागे नेऊन भिंतीला लावा. जमलं की दोन बोटं पुढे सरका आणि परत. मांडीच्या मागे ताण आला तर बरोबर, कमरेत आला तर पाठ वाकतेय. भिंत न चुकता सापडायला लागली की हातात डंबेल घ्यायचे. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा लावायची लांब दांडी, उचलायची घाई नको. ऑलिम्पिक बार नुसताच वीस किलोचा असतो.

ढकलण्यासाठी स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. त्यावर हात टेकवून जोर काढा. महिन्याभराने त्याहून खालची बाकडी, मग जमीन. ओढण्यासाठी लॅट पुलडाऊनचं मशीन (बसून वरची दांडी छातीकडे ओढायची), किंवा एक हात बाकावर टेकवून दुसऱ्याने डंबेल कमरेकडे ओढणं. शेवटी दोन हातांत दोन डंबेल, खांदे मागे, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार फेऱ्या. बाजारातून पिशव्या आणताना जे होतं तेच, फक्त ताठ चालत.

किती किलोपासून सुरुवात करू?

दहा वेळा उचलून झाल्यावर आणखी दोन-तीन वेळा नीट जमलं असतं असं वाटावं, एवढं. आणखी दहा जमले असते असं वाटलं तर हलकं आहे, आठव्यालाच पाठ वाकडी झाली तर जड आहे. शेवटचे दोन-तीन रेप्स, म्हणजे शेवटच्या दोन-तीन वेळा, आपोआप मंदावायला हवेत. शेजारचा किती उचलतो ते बघू नका, तो तिथे दोन वर्षं येतोय.

गुलाबी रंगाची एक किलोची डंबेल्स घेऊन पन्नास-पन्नास वेळा हलवणाऱ्या बायका बघते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या दोन-तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन जिने चढतात, म्हणजे बारा किलो. त्यांना एक किलो पुरेल असं कोणीतरी सांगितलेलं असतं.

वजन कधी वाढवायचं?

यासाठी वही लागते. दोनशे पानी साधी वही घ्या आणि प्रत्येक वेळी तारीख, व्यायाम, किलो आणि रेप्स लिहा. 'स्क्वॉट, साडेसात किलो, १०, ८.' बस. मोबाइलमध्येही चालेल, पण वही घामट हाताने लगेच उघडता येते.

हळूहळू ओझं वाढवायची रीत वैद्यकात आली ती रुग्णालयातून. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांना थोडं थोडं वाढतं वजन उचलायला लावलं आणि ते आधीच्या हलक्या व्यायामापेक्षा लवकर बरे झाले. त्यांनी १९४५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९४८ मध्ये सहकारी वॉटकिन्स यांच्याबरोबर ती दहा-दहाच्या तीन सेटवर आणली. आज कुठल्याही जिममध्ये 'दहाचे तीन' ऐकू येतात, ते तिथून आले.

आपला नियम सोपा ठेवू. दहाचे दोन्ही सेट नीट झाले की पुढच्या वेळी अकरा, मग बारा. दोन्हीत बारा झाले की वजन वाढवा आणि पुन्हा आठ-दहावर या. एक अडचण मात्र येते. बऱ्याच जिममध्ये डंबेल्स अडीच, पाच, साडेसात अशी असतात. पाचावरून साडेसातावर जाणं म्हणजे एकदम दीडपट. खांद्यासारख्या लहान स्नायूंना ते झेपत नाही. तिथे पंधरा रेप्सपर्यंत थांबा, मगच पुढचं डंबेल घ्या. बारबेलवर सव्वा किलोच्या लहान प्लेटा मिळतात का, विचारून ठेवा.

पहिले सहा-आठ आठवडे वजनं भराभर वाढतात. तेवढ्यात स्नायू फारसे वाढलेले नसतात. आहेत त्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला मेंदू आणि नसा शिकलेल्या असतात. त्यानंतर वेग मंदावला की काही बिघडलं असं समजू नका.

आठवड्यातून किती दिवस?

दोन दिवस पुरतात, तीन उत्तम. मध्ये एक दिवस मोकळा. रोज यायचा उत्साह असेल तर उरलेल्या दिवशी चाला.

गुडघे दुखतात. उठाबशा बंद ठेवू?

बहुतेक वेळा बंद ठेवून गुडघा आणखी दुबळा होतो. मांडीचे स्नायू जितके मजबूत, तितका गुडघ्यावरचा भार वाटला जातो, आणि झिजलेल्या गुडघ्यांसाठीही डॉक्टर पहिल्यांदा व्यायामच सांगतात. स्टूल उंच करा, त्यावर उशी ठेवा, दुखत नाही तेवढंच खाली जा. व्यायामात हलकं जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत असेल तर चालू ठेवा. दुखणं वाढतच असेल, गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

माझ्याकडे आलेल्या एका काकूंना त्यांच्या आधीच्या जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावल्या होत्या. आठवडाभर त्यांना जिना उतरता आला नाही आणि पुढची तीन वर्षं त्यांनी व्यायामाचं नाव काढलं नाही. गुडघे त्यांचे ठीक होते. सुरुवात चुकीची झाली होती.

जिम लांब आहे. घरी होईल का?

होईल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवलं की घरात वजनांची कमी नसते. पाच लिटरचा कॅन, पाच किलोची कणकेची पिशवी, जुन्या शाळेच्या दप्तरात भरलेले तांदूळ. दप्तर छातीशी धरून स्क्वॉट, हातात धरून वाकून उचलणं, ओट्यावर जोर. घरी अडतं ते ओढण्यापाशी. एक रबरी बँड घेऊन खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवला की तेही सुटतं.

जोर आणि बैठका आपल्या तालमींनी जपलेले अप्रतिम व्यायाम आहेत, आणि मी स्वतः ते शिकवते. पण नवख्याने, त्यातही वजन जास्त असलेल्याने, पैलवानासारखे शेकड्यांनी काढायला जाऊ नये. आणि पंधरा-वीस सलग जमायला लागल्या की आणखी आकडा वाढवण्याऐवजी पाठीवर दप्तर घ्या.

खाण्यात काय बदलू? आम्ही शाकाहारी आहोत.

आपल्या ताटात प्रथिनं कमी पडतात, आणि वजन उतरवताना लोक नेमकी तीच आणखी कमी करतात. पोळी अर्धी करतात, वरण अर्धी वाटी घेतात, आणि रात्री नुसतं सूप.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजन उतरवत असताना आणि व्यायाम करत असताना १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. वजन खूप जास्त असेल तर हिशोब आजच्या नाही, गाठायच्या वजनावर करा. साठ किलोवर यायचं असेल तर ७२ ते ९६ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

आता ऐंशी ग्रॅम घरच्या जेवणात कसे बसतात ते बघू. सकाळी नुसते पोहे नकोत. पोहे अर्धे करून सोबत मटकीची उसळ आणि पेलाभर दूध, मिळून पंधरा-सोळा. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून बारा ग्रॅम येतात आणि काम सोपं होतं. दुपारी वाटीभर घट्ट वरण सात, हरभऱ्याची किंवा चवळीची उसळ सात-आठ, वाटीभर दही पाच, दोन पोळ्या सहा. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि ताक, आठ-नऊ. रात्री शंभर ग्रॅम पनीर अठरा, किंवा पन्नास ग्रॅम कोरडे सोयाचंक भिजवून भाजीत घातले तर पंचवीसच्या वर, शिवाय भाकरीतले चार-पाच. सत्तर-ऐंशी होतात, आणि सोयाचंक घेतले तर पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं.

दोन गैरसमज आधीच काढते. पातळ वरण म्हणजे डाळ नव्हे, त्यात बहुतेक पाणी असतं. आणि शेंगदाणे प्रथिनांसाठी म्हणून मुठी-मुठीने खाऊ नका. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण त्याबरोबर ५६० च्या वर कॅलरीही येतात. चटणीपुरते ठेवा.

मासे-मटण खाणाऱ्यांना अवघड काही नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या कोंबडीच्या छातीच्या तुकड्यात तीसच्या आसपास, बांगड्यातही भरपूर. फक्त रस्सा पिऊन फोडी पोरांच्या पानात वाढायच्या, ही आपल्या घरातल्या बायकांची सवय. त्यांना मी हात जोडून सांगते, तुमच्या वाटच्या फोडी तुम्ही खा.

चतुर्थी, एकादशी, श्रावणाचे सोमवार. उपासाचं काय?

उपास करा, साबुदाणा टाळा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं नसल्यासारखीच, आणि खिचडीत तूप-दाण्यांची भर पडते. त्या दिवशी दूध, दही, घरचं पनीर, राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि थोडी दाण्याची आमटी घ्या. निर्जळी उपास असेल तर त्या दिवशी वजनं उचलू नका, दुसऱ्या दिवशी जेवून या.

प्रोटीन पावडर घ्यावी लागते का? क्रिएटिन?

लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात अशा पावडरी टाळून जेवणातूनच प्रथिनं घ्यायला सांगितलं आहे. माझं मत थोडं मवाळ आहे. दूध पचत असेल, तपासून घेतलेला डबा असेल आणि दिवसभर धावपळीत जेवण नीट होत नसेल, तर डब्यातल्या मापाचा एक चमचा व्हे (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) म्हणजे वीस-चोवीस ग्रॅम प्रथिनांची सोय. ती जेवणाऐवजी घेऊ नका. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतली जाणारी एक पावडर, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम निरोगी माणसाला चालतं, पण सुरुवातीला त्याने स्नायूंत पाणी साठून काटा वर जातो आणि वजन उतरवायला आलेला माणूस घाबरतो. पहिले तीन-चार महिने विसरा.

'फॅट बर्नर'च्या गोळ्या आणि काउंटरखालून मिळणारी इंजेक्शनं कोणी दाखवली, तर त्या जिममध्ये पुन्हा पाऊल टाकू नका.

डॉक्टरांनी वजन कमी करायचं इंजेक्शन दिलंय. तरी व्यायाम हवा?

जास्तच हवा. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड यांची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. त्यांनी भूक खूप मंदावते, वजन भराभर उतरतं आणि त्यात स्नायूही जातात. भूकच नसल्यामुळे प्रथिनंही पोटात जात नाहीत. ताटातला पनीर, अंडं, डाळ आधी खा, पोळी-भात नंतर. आठवड्यातून दोन दिवस वजनं चुकवू नका. मळमळत असेल त्या दिवशी हलकं करा.

महिना झाला, काटा हललाच नाही.

या प्रश्नाला माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर.

नव्याने ताकदीचा व्यायाम सुरू केला की दुरुस्ती चाललेल्या स्नायूंत पाणी साठतं. स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठणाऱ्या साखरेचा, साठाही वाढवतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. पाळीच्या आधी आणखी एक-दोन किलो पाणी. काल रात्री पापड-लोणचं जास्त झालं असेल तर आज काटा वरच. हे सगळं मिळून महिनाभराची उतरलेली चरबी झाकून टाकतं.

म्हणून काट्याबरोबर टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न ओढता, दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की धोका धरतात. काट्यावर उभं राहायचंच असेल तर रोज सकाळी राहा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा पाहून जेवण ठरवू नका.

घेरही हलला नसेल आणि वहीतली वजनंही वाढली नसतील, तर मात्र खाण्याकडे बघायला हवं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर दिवसाला साडेपाचशे कमी जायला हव्यात. चाळीस मिनिटांच्या आमच्या व्यायामात दीड-दोनशेच खर्च होतात, आणि नंतरचा एक वडापाव त्याहून जास्त असतो. तीन दिवस चहातल्या साखरेपासून पोरांच्या उरलेल्या घासापर्यंत सगळं वहीत लिहा. बहुतेकांना उत्तर तिथे सापडतं.

फक्त पोट कमी करायचा व्यायाम सांगा.

असा व्यायाम नाही. क्रंचेसने, म्हणजे पाठीवर पडून डोकं-खांदे उचलण्याने, पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी तिथूनच निघेल असं नाही. ती सगळ्या शरीरातून जाते, आणि आधी कुठून जाणार हे ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं.

दुसऱ्या दिवशी अंग इतकं भरून येतं की बसवत नाही. बंद करू?

नव्या व्यायामानंतर चोवीस तासांनी दुखायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग ओसरतं. घरात हिंडत राहा, चाला. पुढच्या वेळी तोच व्यायाम केलात तर निम्मंही दुखणार नाही. अंग दुखलं तरच व्यायाम झाला, असंही समजू नका.

सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूची पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या या वेगळ्या गोष्टी. आणि अतिव्यायामानंतर स्नायू खूप सुजले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतले घटक किडनीवर आलेले असू शकतात.

पाळीत व्यायाम करावा का?

बरं वाटत असेल तर नेहमीसारखा. पहिले दोन दिवस त्रास होत असेल तर वजन कमी घ्या किंवा सुट्टी घ्या. रक्तस्राव जास्त होऊन दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या बायकांमध्ये ते फार वेळा कमी निघतं.

आईचं वय ६८ आहे. तिला चालेल?

तिला तर सगळ्यात जास्त गरज आहे. बॉस्टनमध्ये १९९० मध्ये डॉ. मारिया फिआटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केलं, त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर अडुसष्टाव्या वर्षी उशीर कसला? बीपी-साखर तपासा, डॉक्टरांना सांगा, आणि आधाराला हात टेकवून खुर्चीवरून उठण्यापासून सुरू करा. वजन उतरवण्याची घाई तिच्या बाबतीत अजिबात करू नका. या वयात गेलेले स्नायू परत आणणं कठीण असतं. पडल्यावर जमिनीवरून स्वतः उठता येणं हे तिचं पहिलं ध्येय असू दे.

चांगला ट्रेनर कसा ओळखायचा?

पहिल्या दिवशी तो तुमचे आजार, औषधं, जुनी दुखणी विचारतो का बघा. तुम्ही स्क्वॉट करताना त्याचं लक्ष तुमच्या टाचांकडे असतं की मोबाइलकडे, तेही बघा. नवख्याला पहिल्या आठवड्यात दमवून टाकणारा, महिन्यात दहा किलोची हमी देणारा, आणि फी भरायच्या आधीच पावडरचा डबा दाखवणारा, हे तिघंही टाळा.

गणपतीत पंधरा दिवस खंड पडला. सगळं वाया गेलं का?

दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, आणि गेलेली ताकद पहिल्यांदा कमवायला लागली त्याहून लवकर परत येते. स्नायूंची चरबी होते हा समज खोटा आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत आल्यावर वहीतल्या शेवटच्या वजनाच्या दोन तृतीयांश घ्या, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करा आणि घरी जा. दुसऱ्या आठवड्यात दोन सेट. खाल्लेल्या मोदकांचं प्रायश्चित्त म्हणून दुप्पट व्यायाम करणाऱ्यांना मी थांबवते, कारण नंतरच्या आठवड्यात त्यांचीच कमर धरते. महिनाभर किंवा जास्त खंड पडला असेल तर निम्म्या वजनापासून सुरू करा आणि तीन आठवड्यांत जुन्या आकड्यावर या.